खारीचं पाणी

अमरावती
४ जुलै २०२२

तीर्थस्वरूप मामांस,

रीतीप्रमाणे तुम्ही भाचीच्या पाया पडायच्या आधी माझाच नमस्कार घ्या. 'फोनवर तू नुसतं हो मामा, हो मामा करतेस, कामाचं असेल ते कागदावर लिही,' असं म्हणून तुम्ही मागच्या महिन्यात फोन ठेवलात. म्हणून हे आंतर्देशीय पत्र. पोस्टातल्या बाईंना ते कपाटातून शोधून काढावं लागलं.

बातमी चांगली आहे. आमच्या उद्योग कार्यालयानं सुचवलेला नियम मुंबईनं मंजूर केला. कार्यालयानं म्हणजे खरं तर मीच, पण तसं म्हणायची पद्धत नाही. नियम सोपा आहे. सूत रंगवण्यासारखे जे कारखाने घाण पाणी बाहेर टाकतात, त्यांना गोड्या पाण्याच्या पट्ट्यात परवानगी नाही. तिवसा, चांदूर रेल्वे, कौंडण्यपूरचा वर्धेचा काठ, संत्र्याच्या बागा, तिथं नाही म्हणजे नाही. पण तुमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी मुळातच ना प्यायच्या कामाचं, ना ओलिताच्या. तिथं परवानगी लवकर, विजेत सवलत आणि वापरलेलं पाणी गाळून, साफ करून साध्या मातीच्या तळ्यात मुरवायची मोकळीक. सिमेंटचं तळं सक्तीचं केलं की लहान माणूस कारखानाच काढत नाही, हे मी नोकरीला लागल्यापासून बघतेय. नदी वाचते आणि एकच पीक घेणाऱ्या गावांना काम मिळतं. दोन्ही गोष्टी एकदम साधल्याचा मला आनंद झालाय, आणि तो मी लपवत नाही.

मुंबईच्या बैठकीत एका साहेबांनी विचारलं, तिथलं पाणी खरंच वाया गेलेलं आहे कशावरून? मी म्हटलं, सर, माझ्या मामाच्या गावातल्या जुन्या विहिरीचं नावच 'खारी' आहे. सगळे हसले आणि विषय मंजूर झाला.

पहिला अर्जही तुमच्याच गावाचा आलाय, सांगवखेडचा. अकोल्याचे गयासुद्दीन शेठ रंगवाले तुम्हाला माहीत आहेत. त्यांचा मुलगा अफनान नाल्याच्या वरच्या अंगाला, खारीच्या पलीकडची पडीत जमीन घेतोय. त्याला रंगखात्यात मुरलेला माणूस हवाय, शक्यतो गावचाच. मी नितेशदादाचं नाव सांगितलेलं नाही, पण त्यानंच चौकशी करून काढलं. मामींना सांगा, सुरतेहून पोरगा घरी येतोय.

तुमची,
आरती


सांगवखेड, ता. मूर्तिजापूर
२१ जुलै २०२२

चि. आरतीस, खुशालमामाकडून पोटभर आशीर्वाद. पाया पडणं भेटल्यावर.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. नितेशच्या नावाशी आलो तशी तुझी मामी उठून आत गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. मी विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरून राहिली होती." हातात कांदा नाही, चाकू नाही. आज सकाळी तर तिनं मधली खोली सारवायला काढली. पोरगा दिवाळीशिवाय यायचा नाही, पण सांगणार कोण?

सुरतेला नितेशची खोली मी एकदाच पाहिली. पाच जण पाळीनं झोपतात, एक उठला की त्याच्या गरम गादीवर दुसरा. त्यानं मला आपली गादी दिली आणि स्वतः दारात बसून राहिला. तेव्हापासून मी तिकडे गेलो नाही. तो गावात राहील, संध्याकाळी घरी येऊन जेवेल, याहून मला आता काही मागायचं नाही. तू हे केलंस, तुझं भलं होवो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ते मातीचं तळं केवढं असतं आणि त्यातलं पाणी किती खोल जातं? आणि ते नाल्याच्या खालच्या अंगाला, गाव ओलांडून नाही का करता येणार?

आणखी एक. गावाचं नाव मुंबईत घेतलंस, चांगलं केलंस. खारीचं नाव मात्र असं चारचौघांत घ्यायचं नव्हतं. असो, घेतलंस ते घेतलंस.

पेरणी झाली. कपाशी बोटभर आहे.

खुशालराव


अमरावती
९ सप्टेंबर २०२२

तीर्थस्वरूप मामांस आणि मामींस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं.

तळ्याची काळजी करू नका. पाणी साफ करूनच सोडायचं आहे, वास येणार नाही. थोडा रंग, थोडे क्षार राहतात, ते मुरतात. तुमच्याकडे खाली सगळं खारटच आहे, त्यात मुरलं तर बिघडायला काही उरलंय का? तळं गावाच्या खाली नेलं तर पाणी तिथवर न्यायचा खर्च वाढतो आणि अफनानची ती जमीन घेण्यातली सोयच जाते.

खारीच्या नावाची तुम्हाला लाज वाटली, हे वाचून मला गंमत वाटली. अहो, त्या नावामुळेच तर तुमच्या गावाला कारखाना मिळतोय! पाहणी करणारा मुलगा ऑगस्टमध्ये येऊन गेला. त्यानं पारावर विचारलं, ही विहीर कशी आहे? सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, खारी. तुमच्याकडे त्यानं चहा घेतला म्हणे. सांगत होता, तुमच्या मामींकडचं पाणी काय सुंदर आहे, फिल्टर कोणत्या कंपनीचा? मी म्हटलं, विचारून सांगते.

अफनान मला भेटून गेला. शांत मुलगा आहे. त्याचे आजोबा फेटे रंगवायचे. अकोल्यात त्यांच्या गल्लीतल्या उघड्या नालीतून रोज निळं-लाल पाणी वाहतं, त्याचीच त्याला शरम वाटते, म्हणून बाहेर पडतोय. तुमच्या ग्रामसभेचा ठराव झाला की काम सुरू करेल. नितेशदादाला दिवाळीत त्याला भेटायला सांगा.

आरती


सांगवखेड
२ नोव्हेंबर २०२२

चि. आरतीस आशीर्वाद.

नितेश दिवाळीला आला होता. काल गेला. अफनान मोटारसायकलवर आला आणि दोघं ती जमीन दिवसभर फिरले. इथं भट्टी, इथं सूत वाळवायचं, इथं गोदाम, असं नितेश हातानं हवेत दाखवत होता आणि त्याच्या नखांत अजून सुरतेचा जांभळा रंग होता. त्याला असं बोलताना मी कित्येक वर्षांनी ऐकलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. वरण वाढलं तसा म्हणतो, "आई, सुरतले दाय अशी नाई लागत. कितीबी शिट्ट्या घे, कच्चीच राह्यते." तुझी मामी म्हणाली, "हे खारीचं हाय बापा." नितेशनं घास खाली ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, त्या जमिनीच्या दिशेला पाहिलं, आणि उरलेलं जेवला. त्यानंतर कारखान्याचं नाव निघालं नाही.

तो गेल्यावर मामी माझ्यावर उखडली. "सांगा त्या पोरीले. काहून नाई सांगून राह्यले?" मी म्हटलं, कसं सांगू? सांगितलं तर नजर, नाही सांगितलं तर रंग. ती म्हणाली, "मंग बसा गुळणी धरून."

आरती, खारीबद्दल एक गोष्ट आहे, ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. तू एक दिवस गावी ये. ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे, त्याच्या आधी ये.

खुशालराव


अमरावती
१४ नोव्हेंबर २०२२

मामा,

पत्रात लिहिण्यासारखं नाही, प्रत्यक्ष ये, असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा आमच्या कार्यालयात त्याचा एकच अर्थ होतो. नितेशदादाच्या पगारासाठी किंवा आणखी कशासाठी मी अफनानकडे शब्द टाकणार नाही. त्याची फाईल माझ्या टेबलावर आहे. तुम्ही माझे मामा आहात म्हणून तर मुळीच नाही. दादाला काम येतं, तो आपल्या कामावर उभा राहील.

मला वाईट वाटलं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आरती


सांगवखेड
२० नोव्हेंबर २०२२

आरती,

भाचीच्या पाया पडायची रीत आहे म्हणून, नाहीतर अमरावतीला येऊन तुझा कान धरला असता. मी पगाराचं बोलेन? मी? तुझ्या आईला हे पत्र दाखव आणि विचार, तिच्या भावानं जन्मात कोणापुढे हात पसरला का.

तुला लिहूनच पाहिजे ना, मग घे लिहून.

खारी गोड आहे.

हे वाक्य आमच्या गावात कोणी बोलत नाही. माझ्या बापानं उच्चारलं नाही, मी आज पहिल्यांदा लिहिलं. पोरं वाचत नसली की जगावं म्हणून पोराला दगडू, कचरू म्हणतात, ते तुला माहीत आहे. आमच्या लोकांनी तेच विहिरीचं केलं. सगळ्या शिवारात खारट पाणी, आणि एका विहिरीत गोडं. तिला गोड म्हणायचं कोणी धाडस करील? नजर लागली तर? म्हणून तिचं नाव खारी. कोणी विचारलं पाणी कसं आहे, तर खारं आहे म्हणायचं. नवी सून आली की तिला आधी हे शिकवतात, मग चूल.

खाली तिथंही खारंच आहे. नाल्याचं पावसाचं पाणी मुरतं, ते वरच्यावर सायीसारखं राहतं. म्हणून तिथं मोटर बसवत नाहीत. दोराला गाठ आहे, त्या गाठीच्या पुढं बादली सोडायची नाही. खोल गेली तर साय फाटते. नळ आला तर आठवड्यानं येतो. प्यायचं आणि वरणाचं पाणी खारीचं. त्या पाहणीवाल्या पोराला सांग, आमच्याकडे फिल्टर नाही.

आता नाल्याच्या वर तळं झालं तर मुरलेलं पाणी कुठं येईल ते तुला मी सांगायला नको.

पहिल्याच पत्राला मी हे लिहायला पाहिजे होतं. रीत आड आली, हे खरं. गोडं पाणी आहे म्हटलं की नळयोजनेतून गावाचं नाव कटेल ही भीती होती, हेही खरं. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे नितेश घरी यावा असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. मी म्हटलं, बघू, तळं लहान असेल, पाणी इकडे येणार नाही. माणूस आपल्या सोयीचं धरून बसतो. मामी मात्र पहिल्या दिवसापासून ओळखून होती.

आता तू तुझं काय ते ठरव.

खुशालराव


अमरावती
८ जानेवारी २०२३

तीर्थस्वरूप मामांस,

आधी माफी. मागच्या पत्रातलं एकही वाक्य मला परत वाचवत नाही. आईनं तुमचं उत्तर वाचून मला दोन दिवस जेवायला हाक मारली नाही.

सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही ओरडायचात, खारीजवळ खेळू नको. मला वाटायचं, पाणी वाईट म्हणून. आणि मामींच्या हंड्यातलं पाणी मी घटाघटा प्यायचे, ते कुठून येतं हे कधी मनात आलं नाही. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर समजलं असतं. मी त्या विहिरीचं पाणी पिऊन मोठी झाले आणि भर बैठकीत तिलाच वाया गेलेली म्हणून दाखवलं.

मी तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. आधी ते हसले, मग नकाशा मागवला. पूर्ण पट्टा एका रंगात रंगवला होता. मी म्हटलं, नियम चुकीचा नाही, प्रश्न चुकीचा आहे. 'पाणी खारे आहे काय' असं विचारलं तर लोक हो म्हणणारच. असं विचारा की तुमच्या गावात डाळ कोणत्या पाण्यात शिजते. एक जण म्हणाले, "मॅडम, हे धोरण आहे की स्वयंपाकाचं पुस्तक?" पण आणखी काही गावांत तसं विचारून पाहिलं. मामा, ठिकठिकाणी बायकांनी झटकन उत्तर दिलं. कुठं देवळामागचा पाझरता झिरा, कुठं मशिदीच्या बाजूची विहीर, कुठं शेततळ्याच्या काठचा खड्डा. एकही आमच्या नकाशात नव्हता. आता नियमात दुरुस्ती होतेय. अशा पाण्याच्या वरच्या अंगाला तळं करता येणार नाही. सवलत राहील, पण खरोखर खाऱ्या जागी.

अफनानला मी स्वतः अकोल्याला जाऊन सांगितलं. त्यानं जमिनीचा बयाणा दिलेला आहे, रागावेल असं वाटलं होतं. त्यानं चहा मागवला. मग म्हणाला, "मॅडम, रंगाऱ्याले गोडं पानी पाह्यलं की मोह होते. पन लोकायच्या पेन्याचं असन तर मले नाई पायजे. दुसरी जागा पाहतो, टाइम लागन." त्यामुळे यंदा कारखाना होत नाही. नितेशदादाला हे कसं सांगावं, मला कळत नाही.

एक अडचण आहे. तुमच्या एकट्याच्या पत्रावर नकाशातली खूण बदलत नाही. सव्वीस जानेवारीला आमचा माणूस येईल. ग्रामसभेत कोणीतरी उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगावं लागेल. मी नात्यातली, म्हणून मला येता येणार नाही.

ते तुमच्यासाठी काय आहे, हे मला आता समजतं. तरी विचारते आहे.

आरती


सांगवखेड
१६ मे २०२३

चि. आरतीस आशीर्वाद.

एवढे महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं हातात आलं नव्हतं. ठराव झाला हे तुला तुझ्या माणसानं कळवलंच असेल. कसा झाला ते मी सांगतो.

शाळेत झेंडा झाल्यावर सभा बसली. तुमचा साहेब सभ्य होता. त्यानं विचारलं, गावात गोडं पाणी कुठं आहे? कोणी बोलेना. पुन्हा विचारलं. बायांनी पदर पुढं ओढले, माणसं एकमेकांच्या चपला पाहू लागली. साहेब म्हणाला, मग मी नाही असं लिहून घेतो. त्यानं पेन उघडलं, तसा मी उठलो. म्हटलं, "साहेब, खारी गोड हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "खुशालराव, जीभ झडन तुमची!" म्हाताऱ्या उठून चालत्या झाल्या. साहेबाला वाटलं मी काही घाण बोललो. सरपंचानं ठरावावर सही केली, पण माझ्याकडे न बघता. त्या दिवसापासून पारावर मी जाऊन बसलो की बाकीच्यांना घरी कामं आठवायची. लोकांचं म्हणणं, यंदा उन्हाळ्यात खारी जाणार, आणि गेली तर खुशालरावनं घालवली. तुला खरं सांगतो, मलाही तीच धाकधूक होती. मी शिकलेला माणूस आहे, नजर-बिजर मानत नाही असं तुला सांगत आलो. पण वैशाखाचं ऊन तापायला लागलं तसा मी रात्री उठून ओट्यावर बसायला लागलो.

नितेशला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, दिवायीलेच समजलं होतं मले. तुमी बोलसान का नाई, तेच पाहून राह्यलो होतो." अफनाननं त्याला अजून धरून ठेवलंय. पलीकडच्या शिवारात, जिथं बाभळीशिवाय काही येत नाही, तिथं त्यानं जमीन पाहिली आहे. डाळीचा प्रश्न तिथंही विचारून झाला, शिजत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी झालं तर झालं. तोवर पोरगा त्याच गरम गादीवर झोपतोय. सारवलेली खोली तशीच आहे, मामी तिथं कापूस ठेवू देत नाही. याचं मला दुःख आहे आणि ते मी कोणाला सांगत नाही, तुला सांगतो.

तुझ्या मामीनं मात्र फेब्रुवारीपासून एक नेम धरला. रोज सकाळी पहिली बादली तीच काढायची. गाठीपर्यंत दोर सोडायची, ओंजळ तोंडाला लावायची आणि काही न बोलता घरी यायची. मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही. बाकीच्या बाया तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या.

नाला कधीचाच आटला आहे. खारीतल्या पाण्याचा सगळ्यात कठीण काळ हाच. आज सकाळी मी तिच्या मागं गेलो. काठावर सगळी आळी जमली होती, म्हाताऱ्यासुद्धा. तिनं बादली वर काढली, ओंजळ भरून तोंडात घेतली, थोडी थांबली. मग तोंड असं वाकडं केलं की जणू काही कडू गिळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खारं हाय बाई. लय खारं."

बायांनी पटापट आपापल्या बादल्या पुढं केल्या.

खुशालराव